रात्री तपासणारा 'डॉक्टर' नक्की कोण असतो? (बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्यांनी अनुभव सांगावेत)

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमची आई 71 वर्षांची. साखर बारा-तेरा वर्षांपासून. राहते खानापूर तालुक्यात, मी बेळगावात. दोन महिन्यांमागं माझ्याकडं आली होती. रात्री आंबोळी-चटणी खाऊन झोपली आणि दीडच्या सुमाराला उठून बसली. म्हणाली, "पोटात वरच्या बाजूला कायतरी होतंय बघ, जीव घाबरा होतोय." बायकोनं घाम बघून पंखा मोठा केला, मी रिक्षा बघायला पळालो. जवळच्याच एका खासगी हॉस्पिटलात नेलं. नाव लिहिणार नाही, खासगी निरोपातही विचारू नका.

कॅज्युअल्टीत पांढऱ्या कोटातला एक तरुण मुलगा. गळ्यात स्टेथोस्कोप, सिस्टर त्याला 'सर' म्हणत होती. मीही सर म्हटलं. त्यानं बीपी बघितलं, पोट दाबून बघितलं, "रात्री काय खाल्लं आज्जी?" विचारलं. आंबोळी ऐकून हसला. "आंबवलेलं खाल्लं की होतं असं, ॲसिडिटी आहे." पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन, एक सलाईन, आणि वर वॉर्डात दाखल. आई रात्रभर कुशी बदलत होती. सिस्टर दोनदा आली, बघितलं, गेली. तिचा तर मला फार राग आलेला.

सकाळी पावणेनऊला मोठे डॉक्टर राउंडला आले. आईच्या तोंडाकडं बघितलं आणि पहिलं वाक्य, "ईसीजी कुठाय?" ईसीजी नव्हताच. काढला. हार्ट ॲटॅक. तोवर सात तास गेले होते.

पुढं दुसरीकडं हलवलं, अँजिओप्लास्टी झाली, आई वाचली. पण हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांवर आलंय. गावाकडच्या घराला जोत्याच्या चार पायऱ्या आहेत, त्या चढताना दोनदा थांबते.

तो मुलगा बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा, होता हे मला बिल भरताना शेजारच्या खिडकीतल्या माणसाकडून कळलं. डिस्चार्ज कार्डावर मोठ्या डॉक्टरांचा शिक्का आहे आणि शिक्क्याच्या अलीकडं एक वेलांटी काढल्यासारखी सही. ती कुणाची, ते कुणी सांगेना.

मला कुणाचं वाटोळं करायचं नाही. पण रात्री आपल्याला कोण तपासतंय हे विचारायचं कसं? आणि आता काही करता येतं का?

---

कुंदाप्रेमी | सोमवार, रात्री 11:05

करायचं काय त्यात? सगळे लुटारू. कोट घातला की झाला डॉक्टर. बोर्डावर एमडी, आत कंपाउंडर. जाऊन काच फोडायची होती.

---

प्रशासक | सोमवार, रात्री 11:20

काच फोडण्याचे सल्ले इथं चालणार नाहीत. हॉस्पिटल किंवा डॉक्टरचं नाव आलं तर प्रतिसाद उडवला जाईल, धागाकर्त्याचीही तीच इच्छा आहे.

---

टिळकवाडी एमडी | मंगळवार, सकाळी 7:15

आईंची तब्येत स्थिर आहे ना? औषधं परस्पर बंद करू नका, हे आधी सांगतो.

वैद्यकीय बाजू साधी आहे. साखर असलेली बाई, सत्तरीपुढची, घाम आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणं. अशांना छातीत कळ येईलच असं नसतं. बायकांत आणि मधुमेहींत ॲटॅक पुष्कळदा ॲसिडिटीचा वेष घेऊन येतो. म्हणून नियम असा की शंका आली तर दाराशी आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी. मशीन ट्रॉलीवर असतं, कागद निघायला दोन मिनिटं लागतात, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला तिसरं. माझ्याकडं रात्री असे चार-पाच फोटो येतात. मी गादीवरच चष्मा लावून बघतो आणि सांगतो.

आता न आवडणारी गोष्ट. एमबीबीएस झालेली पोरंही हे चुकवतात, मी स्वतः इंटर्न असताना एक चुकवलाय. त्यामुळं 'बीएचएमएस होता म्हणून चुकलं' इथं गाडी थांबवू नका. त्या मुलाला कुणी लिहून दिलं होतं का, की अमुक वयाच्या वर, घाम असेल तर, ईसीजी काढायचा आणि मला उठवायचं? आणि उठवल्यावर मोठा डॉक्टर खेकसतो का? बेळगावात रात्रीची ड्युटी कुणाच्या जिवावर चालते ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. दिवसा बोर्डावर आमचं नाव, रात्री आत त्यांचा हात. पैसे वाचतात. हे लिहिल्याबद्दल माझे मित्र मला चहाला बोलावणार नाहीत, असूदे.

एक माहिती सगळ्यांसाठी. कर्नाटकात 2023 पासून पुनीत राजकुमारांच्या नावानं हृदय ज्योती योजना आहे. योजनेतल्या तालुका पातळीवरच्या सरकारी दवाखान्यांत ईसीजी काढतात, तो मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ लांबून बघतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट देतात. आपल्याकडं खासगी म्हणजे चांगलं हे डोक्यात बसलंय, म्हणून सांगितलं.

---

दूधगंगा | मंगळवार, दुपारी 2:30

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी. निपाणी भागात दवाखाना आहे. अपेक्षित होतंच की गाडी आमच्यावर येणार.

साडेपाच वर्षं शिकतो आम्ही. शरीरशास्त्र, शस्त्रक्रिया, बाळंतपण, सगळं असतं. मी सुरुवातीला तीन वर्षं रात्रपाळी केलीय. जाहिरातीत 'आरएमओ (निवासी डॉक्टर) पाहिजे' एवढंच असतं, पगार बघून एमबीबीएस फिरकत नाही. पहिल्या दिवशी मला सांगितलं काय? "सरांना दोननंतर फोन करायचा नाही, अगदीच तसं असेल तर कर." आता 'अगदीच तसं' म्हणजे कसं, हे चोवीस वर्षांच्या पोरानं ठरवायचं.

आणि सीमेची गंमत ऐका. माझा वर्गमित्र कागल भागात बसतो, इथून अर्ध्या तासावर. महाराष्ट्र सरकारनं 1992 साली अधिसूचना काढून आयुर्वेदवाल्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट करून दिली. 2014 ला होमिओपॅथांसाठी एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स आणून कायदा बदलला, त्यावरून अजून कोर्टकचेरी आणि संप चालूच आहेत. पण तो महाराष्ट्र. सुप्रीम कोर्टानं 1998 मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सांगितलं की ही मुभा द्यायची का नाही ते ज्या त्या राज्यानं ठरवावं. कर्नाटकानं खासगीत बसणाऱ्यांना तशी सरसकट मुभा दिलेली नाही. म्हणजे तीच पदवी, तोच ताप, तीच अँटिबायोटिकची गोळी. दूधगंगेच्या पलीकडं लिहिली तर डॉक्टर, अलीकडं लिहिली तर गुन्हेगार. पेशंट मात्र दोन्हीकडं तोच. सकाळी माझ्याकडं, गुण नाही आला की संध्याकाळी कोल्हापूरला.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. बोर्डावर पदवी मोठ्या अक्षरात, आणि छातीत, डोक्यात, गरोदर, लहान मूल यातलं काही गंभीर दिसलं की हात लावत नाही, गाडी बोलावतो. गिऱ्हाईक तुटतं. "डॉक्टर भितो" म्हणतात.

---

कुंदाप्रेमी | मंगळवार, दुपारी 3:10

भिणारा डॉक्टर परवडला ओ. माझं कालचं वाक्य मागं घेतो, अर्धं.

---

काळाकोट | मंगळवार, रात्री 9:50

बेळगावात वकिली करतो. ग्राहक आयोगातली प्रकरणं जास्त. इथं लिहितोय तो सल्ला नव्हे, गप्पा समजा.

मलप्रभाकाठ, आधी कागद. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या: केस पेपर, नर्सेस नोट्स, औषधांचा तक्ता, ईसीजी, सगळ्याच्या प्रती. डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या 2002 च्या नियमांत 72 तासांत प्रती द्यायच्या असं आहे, आणि नोंदी तीन वर्षं ठेवायच्या. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या. तोंडी मागितलं तर 'साहेब गावाला गेलेत' ऐकाल. आमचे बरेच खटले इथंच मरतात. लोक वर्षभर रडतात, भांडतात, आणि कागद मागायला जातात तेव्हा फाइल 'सापडत नाही'. तक्रारीला मुदत दोन वर्षांची, पण कागदाला दोन दिवसांचीसुद्धा नसते असं समजून चाला.

डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते हे 1995 च्या शांता खटल्यापासून पक्कं आहे. सगळ्यांना फुकट उपचार देणारा सरकारी दवाखाना मात्र त्यात येत नाही. तुम्ही पैसे भरलेत, पावती आहे, तुम्ही ग्राहक. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. आणि सीमाभागातल्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं: 2019 च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते. कोल्हापुरात किंवा मिरजेत उपचार बिघडले तर निपाणीच्या, कागवाडच्या माणसाला तिकडं खेटे घालायची गरज नाही, बेळगावात दाखल करता येतं.

आता तो मुलगा. मुंबईत 1992 मध्ये एका होमिओपॅथनं तापाच्या माणसाला ॲलोपॅथीची औषधं दिली, आधी व्हायरल म्हणून, मग टायफॉइड म्हणून. माणूस गेला. बायको लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. पूनम वर्मा खटला, 1996. कोर्टानं म्हटलं, ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात हात घालणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायला नको. भरपाई 3 लाख.

पण मी तुमच्या जागी असतो तर त्या पोराच्या मागं लागलो नसतो. दिल्लीतलं स्प्रिंग मेडोज प्रकरण बघा, निकाल 1998 चा. टायफॉइडच्या लहान मुलाला नर्सनं शिरेतून भलतंच इंजेक्शन दिलं, मलेरियाचं. मूल जागच्या जागी कोसळलं, मेंदू कायमचा गेला. चौकशीत निघालं की ती नर्स कुठल्याच कौन्सिलकडं नोंदलेली नव्हती. पैसे भरले हॉस्पिटलनं, मुलाला साडेबारा लाख आणि आईबापांना पाच. जो माणूस नेमतो, त्याला कोट घालून उभा करतो, त्याच्या नावावर बिल करतो, जबाबदार तो. 2004 मध्ये सविता गर्ग खटल्यात कोर्टानं आणखी पुढचं सांगितलं: काळजी घेतली होती हे हॉस्पिटलनं दाखवायचं, पेशंटनं प्रत्येक डॉक्टर-नर्सला पक्षकार करत बसायची गरज नाही.

केपीएमई, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्याखाली प्रत्येक खासगी दवाखान्याची नोंदणी असते, नंबर दर्शनी भागात लावायचा असतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण प्राधिकरण आहे. पैसे नको, पण ही पद्धत बंद व्हावी असं वाटत असेल तर तिथं जा.

दूधगंगा, तुमच्यासाठी एक कडू गोळी. नव्या न्याय संहितेचं कलम 106. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून झाला तर दोन वर्षांपर्यंत. पण त्या व्यावसायिकाची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) कायद्यातली, म्हणजे ॲलोपॅथीच्या रजिस्टरात नाव असलेला. तुमचं नाव त्यात नाही. नर्सचंही नाही. एकाच खाटेशी तिघं उभे असतील तर सवलत एकालाच.

---

रानवाटेची सिस्टर | बुधवार, रात्री 11:35

कलम 106 वाचून झोप उडाली, म्हणून लिहितो. (मी बाई आहे. आमच्याकडं बायकासुद्धा 'जातो, येतो'च म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी चुका काढत बसू नये.)

मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. बीएस्सी नर्सिंग झाल्यावर सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा कोर्स केला आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर आलो. 2018 ला सरकारनं उपकेंद्रांची आरोग्य केंद्रं करायला घेतली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागं एक. बारा प्रकारच्या सेवा आमच्याकडं: बाळंतिणी, लसी, बीपी, साखर, डोळे, दात, म्हातारपण, मन, सगळं. बीपीची, साखरेची गोळी पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) डॉक्टर सुरू करतो, मी दर महिन्याला मोजतो आणि गोळ्या देतो. अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं. रेंज असली तर.

लोक मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. पहिल्या महिन्यात मी "नाही ओ, सिस्टर म्हणा" सांगायचो. मग कंटाळलो. हा माझा दोष आहे, कबूल करतो. कारण एकदा डॉक्टरीण झालं की "दोन सुया मारा आणि सोडा" सुरू होतं, आणि नाही म्हटलं की तोच माणूस जांबोटी नाक्यावर जाऊन कुणाकडूनही मारून घेतो.

एक सांगतो. जुलैतली गोष्ट, पाऊस असा की ओढ्यावरून पाणी. आठव्या महिन्यातली पोरगी, सासू घेऊन आली. डोकं दुखतंय म्हणून. सासू म्हणते, "ऊन-पाऊस बाधलाय, गोळी दे." बीपी मोजलं, 160 वर 110. परत मोजलं, तेच. डोळ्यांपुढं काजवे दिसतात काय विचारलं तर पोरगी म्हणाली, "सकाळपास्नं." फोनला रेंज नाही. आशा कार्यकर्तीला तिच्याजवळ बसवलं, छत्री घेऊन टेकावर चढलो, तिथं एका फणसाखाली दोन काड्या येतात. पीएचसीच्या डॉक्टरांना फोन लावला, बीपी सांगितलं. ते म्हणाले, मॅग्नेशियमचा (झटके रोखणाऱ्या औषधाचा) पहिला डोस दे आणि पाठव, मी पुढं कळवतो. हातावरच पेनानं वेळ लिहिली, कागद भिजला असता. खाली येऊन इंजेक्शन दिलं. ओढ्यापलीकडं 108 थांबली होती, अलीकडून चार माणसांनी खुर्चीला बांबू बांधून नेलं. पोरगी आणि बाळ दोघं आहेत. बाळाला माझं नाव ठेवणार होते, मुलगा झाला.

मी त्यात हुशारी काय केली? काही नाही. काय दिसलं की काय करायचं ते भिंतीवर चिकटवलेलं होतं, औषध कपाटात होतं, आणि पलीकडं फोन उचलणारा माणूस होता. तो खेकसला नाही. यातलं एक जरी नसतं तरी आज मी काळाकोट साहेबांच्या ऑफिसात बसलो असतो.

आणि हे आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलंय, लोकांना ठाऊक नाही. 2002 ते 2005 मध्ये बेळगावच्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या लोकांबरोबर आपल्या खेड्यांत अभ्यास केला. बाळंतपणानंतर अंगावरून फार रक्त जातं, त्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या एएनएम बाईंनी (उपकेंद्रावरच्या नर्सनं) द्यायच्या, डॉक्टर नाही. 1620 बायका. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. 2006 ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. माझ्या आधी इथं असलेली जुनी एएनएम त्यात होती. ती सांगायची, रक्त मोजायला बाईच्या खाली एक खास पिशवी ठेवायचे, खाली निमुळती, रेघा मारलेली. "तोवर आम्ही लुगडं किती भिजलं त्यावर सांगायचो," म्हणायची.

म्हणून एमबीबीएस नाही म्हणजे धोका, हे मला पटत नाही. पण माझ्या चुका पण आहेत. एक काका, बीपीची ॲम्लोडिपिन चालू. पाय सुजले. त्या गोळीनं पाय सुजतात हे मला माहीत होतं, म्हणून पुढच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवा म्हटलं आणि गोळ्या दिल्या. ते गेले नाहीत, मी पण पाठपुरावा केला नाही. निघाली किडनी. अर्धवट माहिती असली की माणूस थांबतो, काहीच माहिती नसती तर मी घाबरून लगेच पाठवलं असतं. ती तारीख माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

मलप्रभाकाठ, तुमच्या त्या रात्रीच्या सिस्टरवर इतक्यात रागावू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

अथणीची लेक | गुरुवार, पहाटे 4:20

मी इंग्लंडमध्ये असते, तिथल्याच दवाखान्यात रिसेप्शनवर. सिस्टर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

तिकडंही हेच भांडण पेटलंय. दोन वर्षं शिकून 'फिजिशियन असोसिएट' होतात, डॉक्टर नव्हेत, पण पेशंट बघतात. 2022 मध्ये लंडनची एक तीस वर्षांची अभिनेत्री गेली. पोटरी दुखते, दम लागतो म्हणून दोनदा दवाखान्यात गेली होती, दोन्ही वेळा अशाच असोसिएटनं बघितलं. पायातली गुठळी फुफ्फुसात गेलेली. तिला वाटत होतं आपण डॉक्टरला भेटतोय. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, सरकारनं मागवलेल्या लेंग अहवालानं सांगितलं की नाव बदला, 'असिस्टंट' म्हणा, वेगळे कपडे द्या, आणि ज्याचं निदानच झालेलं नाही असा पेशंट यांनी आधी बघू नये.

आम्हाला फोनवर आता स्पष्ट सांगावं लागतं, "आज तुम्हाला डॉक्टर बघणार नाहीत, अमुक बघतील." लोक चिडतात, पण विचारतात तरी. अथणीला आमच्या बाबांना मी सांगते विचारा म्हणून, ते म्हणतात, "डॉक्टरला त्याचं शिक्षण विचारायचं? वाईट दिसतं."

---

दूधगंगा | गुरुवार, सकाळी 9:00

बाबांना सांगा विचारा. मला विचारलेलं आवडेल. 'तुम्ही कुठल्या पॅथीचे' एवढंच.

---

टिळकवाडी एमडी | गुरुवार, सकाळी 9:40

कागदांच्या भाषेचं कुणी काढलं नाही. संमतीपत्र इंग्रजीत नाहीतर कन्नडात. मराठी बाई अंगठा नाहीतर सही करते. समिरा कोहली खटल्यात, 2008, कोर्टानं म्हटलंय की पेशंटला समजेल असं सांगून घेतलेली संमती हीच संमती. आम्ही विचारतो "समजलं ना?" ते म्हणतात "होय". दोघंही खोटं बोलतो.

---

मलप्रभाकाठ | रविवार, संध्याकाळी 6:10

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

काळाकोट साहेबांनी सांगितलं तसा लेखी अर्ज दिला. पोच द्यायला कां-कूं केलं, मी बाकड्यावर बसून राहिलो, दिली. चौथ्या दिवशी झेरॉक्स मिळाल्या, 31 पानं. भरतीच्या कागदावर 'तपासणारे डॉक्टर' या रकान्यात मोठ्या डॉक्टरांचं नाव छापलेलंच आहे, आधीपासून. मुलाचं नाव कुठंच नाही. संमतीपत्रावर माझ्या बायकोची सही, वरचा मजकूर इंग्रजीत, तिला विचारलं तर म्हणाली, "सलाईनसाठी घेतली असं वाटलं."

नर्सेस नोट्सचं एक पान आहे. बीपी, नाडी इंग्रजीत, पण समासात दोन ओळी कन्नडात खरडलेल्या. मला बोलता येतं, हातचं वाचता येत नाही. शेजारच्या अण्णांकडून वाचून घेतलं, त्यांनी उच्चार लिहून दिले तसे टाकतो:

2:50: रोगिगे तुंबा बेवरु. डॉक्टररिगे तिळिसलागिदे.
4:15: मत्ते तिळिसलागिदे. ईसीजी बेड अंदरु.

---

रानवाटेची सिस्टर | रविवार, संध्याकाळी 6:25

"पेशंटला फार घाम. डॉक्टरांना कळवलं." आणि सव्वाचारला, "पुन्हा कळवलं. ईसीजी नको म्हणाले."

हे तिनं स्वतःसाठी लिहिलंय. आम्ही लिहितो असं, समासात, आपल्या भाषेत. मोठ्या डॉक्टरला परस्पर फोन करायची तिला मुभा नसणार.

---

काळाकोट | रविवार, रात्री 8:00

सगळ्या प्रकरणाची किल्ली या दोन ओळींत आहे. मूळ पान ताबडतोब जपून ठेवायची लेखी नोटीस पाठवू. सोमवारी या. ती सिस्टर साक्ष देईल का बघावं लागेल.

---

रानवाटेची सिस्टर | रविवार, रात्री 8:20

साहेब, साक्ष दिली की तिची नोकरी गेली. आणि बेळगावात दुसरीकडं पण कुणी घेणार नाही. एकमेकांना फोन करून विचारतात.

---

काळाकोट | रविवार, रात्री 8:45

कागद पुरेसा बोलका आहे, तिच्याशिवाय चालवता येईल कदाचित. पण तेच म्हणतील की ओळी मागाहून लिहिल्या. मग तिलाच विचारावं लागेल.

---

टिळकवाडी एमडी | रविवार, रात्री 9:05

तिची नोकरी गेली तर मला व्यनि (खासगी निरोप) करा. माझ्याकडं रात्रपाळीला जागा आहे. दोननंतर फोन केलेला चालतो.

---

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री 10:30

आईला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या पोरीनं माझा हात धरला होता रे, चारच्या सुमाराला. मला वाटलं नाडी बघते."

पानाच्या खाली तिची सही आहे, नाव नीट वाचता येतं. सोमवारी जाण्याआधी तिला एकदा भेटून येतो. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.